ढिला अंमल

इंग्रजीतले ‘लॅक्स’ हे विशेषण नियमपालन, देखरेख किंवा शिस्त जितकी कडक हवी तितकी नसली की वापरले जाते. लॅटिन भाषेत सैल, न ताणलेल्या वस्तूसाठी ‘लाक्सुस’ असा शब्द होता, त्यावरून ते आले. वैद्यकात कोठा सैल करणाऱ्या औषधाला लॅक्झेटिव्ह म्हणतात, तेही याच मुळातून. रोजच्या वापरात मात्र हे विशेषण आता दोरीला किंवा स्नायूला फारसे लागत नाही. ते लागते सुरक्षेला, तपासणीला, कायद्याच्या अंमलबजावणीला आणि ज्यांच्यावर ही कामे सोपवलेली असतात त्या माणसांना.

हे विशेषण लागू पडण्यासाठी नियम अस्तित्वात असावा लागतो. तो पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी कुणावर तरी असावी लागते आणि ती पुरेशी पार पाडली जात नसावी लागते. नियमच नसेल तर ढिलाईचा प्रश्न उद्भवत नाही. चंद्रपूर शहरात आज परवानाधारक दुकानातून दारूची बाटली विकली जाते, त्यात ढिलाई नाही. तीच बाटली त्याच शहरात २०१८ साली उघड विकली गेली असेल तर ती ढिलाई होती, कारण तेव्हा जिल्ह्यात दारूबंदी लागू होती.

या विशेषणाच्या शेजारी आणखी काही शब्द येतात आणि त्यांच्यात गल्लत होते. शिक्षा देण्याचा अधिकार असलेल्याने समजून-उमजून हात हलका ठेवला तर तो सौम्यपणा झाला. पहिल्यांदाच लहानसा गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता यावे, यासाठी १९५८ चा परिवीक्षा अधिनियम आहे. तो वापरणारे न्यायाधीश सौम्य ठरतात, ढिले नव्हेत, कारण त्यांनी प्रकरण पाहिलेले असते, विचार केलेला असतो आणि निर्णय कागदावर कारणांसह लिहिलेला असतो. ढिलाईत निर्णयच नसतो. कुणी पाहत नाही, पाहिले तर विचारत नाही, विचारले तर नोंद करत नाही. हलगर्जी आणखी निराळी. ती बहुधा एखाद्या कृतीची, एखाद्या प्रसंगाची असते. ढिलाई ही सवय असते आणि ती बहुधा एका माणसाची नसून सगळ्या व्यवस्थेची असते. हप्ता घेऊन केलेली डोळेझाक या शब्दात बसतच नाही. तिला ढिलाई म्हणणे म्हणजे गुन्ह्याला आळसाचे नाव देऊन सोडून देणे.

मराठीत या अर्थच्छटा वेगवेगळ्या शब्दांत वाटल्या गेल्या आहेत. ‘ढिसाळ कारभार’ म्हटले की दोष देणे आलेच. ‘शिथिल’ मात्र दोन्हीकडे चालतो. ‘देखरेख शिथिल झाली’ ही तक्रार, तर ‘निर्बंध शिथिल करण्यात आले’ हा शासकीय आदेश. भरतीच्या जाहिरातीत वयाची अट शिथिल होते तेव्हा त्यात कुणाची कुचराई नसते. नियम करणाऱ्यानेच तो सैल केलेला असतो, कोणासाठी आणि किती हेही लिहिलेले असते. मोहफुलांचे उदाहरण पूर्व विदर्भाला जवळचे आहे. दारू गाळण्यासाठी वापरली जातात म्हणून मोहफुलांचा साठा आणि वाहतूक यांवर महाराष्ट्रात दीर्घकाळ निर्बंध होते. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे उठून झाडाखालची फुले वेचणाऱ्या आदिवासी कुटुंबाला स्वतःच्या घरात ठेवलेल्या पोत्याचीही धास्ती वाटावी, अशी ती रचना होती. २०२१ मध्ये राज्य सरकारने हे निर्बंध उठवले. सरकारने नियम पाहून तो बदलला, म्हणून हे शिथिलीकरण ठरते. निर्बंध कागदावर तसेच ठेवून कुणाला पकडायचे आणि कुणाला सोडायचे हे नाक्यावरच्या माणसावर सोपवले असते, तर त्याला ढिलाई म्हणावे लागले असते.

ढिल्या अंमलाचे दूरगामी परिणाम पाहायचे तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील दारूबंदीइतका बोलका दाखला महाराष्ट्रात दुसरा नाही. मुळात राज्याचा कायदाच कडक आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, जो आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, तो आजही लागू आहे. पन्नासच्या दशकात त्यानुसार तेव्हाच्या मुंबई राज्यात खरीखुरी बंदी होती. पुढे ती सैल करून परवान्यांची पद्धत आली. आजही कायद्याच्या अक्षराप्रमाणे दारू बाळगायला आणि प्यायला व्यक्तीकडे परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. मुंबई, पुणे, नागपूरमध्ये दारू पिणाऱ्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. नियम रद्द झालेला नाही आणि कुणी पाळतही नाही. ‘लॅक्स’ या विशेषणाचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

गडचिरोली हा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा काढून १९८२ साली झाला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे दारूविरोधी आंदोलन उभे राहिले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची सर्च ही संस्था, गावोगावच्या स्त्रिया, आदिवासी कार्यकर्ते अशा अनेकांचा त्यात सहभाग होता. १९९३ मध्ये शासनाने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. परवानाधारक दुकाने बंद झाली. पण वैनगंगेच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात ती उघडीच होती. नदी हीच बऱ्याच लांबीपर्यंत दोन जिल्ह्यांची हद्द आहे. दक्षिणेला प्राणहितेपलीकडे आंध्र प्रदेश (आता तेलंगण), पूर्वेला आजचे छत्तीसगड. तिन्ही बाजूंनी दारू येऊ शकत होती आणि आत जंगलात मोहाची हातभट्टी होती. बंदी एका जिल्ह्याची आणि अंमल करायचा तो शेकडो किलोमीटरच्या हद्दीवर, ही अडचण पहिल्या दिवसापासून होती.

चंद्रपुरातही स्त्रियांनी हीच मागणी लावून धरली. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी चालत गेल्या. सरकारने समिती नेमली, अहवाल आला, वर्षे गेली. शेवटी १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. वर्धा आधीपासूनच बंदीखाली होता. त्यामुळे वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली असा सलग पट्टा तयार झाला. वैनगंगेचा काठ दोन्ही बाजूंनी कोरडा झाला, पण यवतमाळ, नागपूर, भंडारा आणि तेलंगणाकडच्या वाटा खुल्याच होत्या.

त्यानंतरच्या सहा वर्षांत जे घडले ते एका शब्दात मावत नाही. पोलिसांनी कारवाया केल्याच नाहीत असे म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड परिसरात दारूची चोरटी वाहतूक अडवताना एका पोलीस उपनिरीक्षकाला तस्करांनी वाहनाखाली चिरडून मारले. बंदी राखताना जीव गेलेल्या माणसाच्या खात्याला सरसकट ढिले म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही गावात कुणाकडे दारू मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असावे, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण अंमलबजावणी हे एक काम नसून कामांची साखळी असते. खबर मिळणे, छापा पडणे, पंचनामा होणे, जप्त मालाचा नमुना रासायनिक तपासणीला जाणे, अहवाल वेळेत येणे, दोषारोपपत्र दाखल होणे, पंच साक्षीला टिकणे आणि निकाल लागणे अशी ती साखळी असते. यातली एक कडी सैल असली तरी आरोपी सुटतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विक्रीला बसतो. छापा घालणारा हवालदार कितीही कडक असला तरी वर्षानुवर्षे पडून राहिलेला खटला त्याच्या कडकपणावर पाणी फिरवतो. गावात तर पंच म्हणून सही करणाऱ्याला विक्रेत्याच्या शेजारीच राहायचे असते. त्याने कोर्टात शब्द फिरवला तर त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे, पण त्याच्या मागे कुणी उभे राहिले होते का, हे आधी विचारले पाहिजे.

ढिलाई सर्वांवर सारखी पडत नाही, हेही इथेच दिसते. कारवाईचे आकडे दाखवायचे असले की हाताशी लागतो तो चिल्लर विक्रेता, घरामागे दारूसाठी भिजवलेला मोहसडवा ठेवणारी विधवा किंवा मोटारसायकलवर दोन पेट्या नेणारा पोरगा. त्यांना माल पुरवणारा ठोक विक्रेता हद्दीपलीकडे असतो. अंमल खाली कडक आणि वर ढिला अशी ही उतरंड आहे. बाहेरून पाहणाऱ्याला गुन्ह्यांची संख्या वाढलेली दिसते, म्हणून कारवाई जोरात आहे असे वाटते. पुरवठा मात्र तुटत नाही.

या सगळ्याची किंमत ज्यांनी बंदी मागितली त्यांनीच मोजली. अंमल ढिला असताना दारू महाग झाली आणि तिच्या शुद्धतेची खात्री उरली नाही. नवरा पिणे थांबला नाही आणि घरातला पैसा मात्र जास्त गेला, असा अनुभव बायांच्या वाट्याला आला. तक्रार करणाऱ्या बाईचे नाव विक्रेत्यापर्यंत पोचले तर तिला त्रास होणार हे उघड. चिमूरहून नागपूरपर्यंत चालत जाऊन मिळवलेला कायदा अशा तऱ्हेने त्याच स्त्रियांच्या अंगावर उलटावा, यापलीकडे ढिल्या अंमलाचे दुसरे दुष्परिणाम सांगण्याची गरज नाही.

निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने चंद्रपूरची दारूबंदी उठवली. अवैध विक्री वाढली, गुन्हेगारी वाढली, त्या व्यवसायात स्त्रिया आणि मुले ओढली गेली, शासनाचा महसूल बुडाला ही कारणे सांगण्यात आली. जुलैमध्ये दुकाने पुन्हा उघडली. एखादा नियम चुकीचा असू शकतो आणि तो मागे घेण्याचा अधिकार सरकारला आहेच. पण या निर्णयामागच्या तर्काकडे बारकाईने पाहायला हवे. नियम नीट राबवला आणि तरीही अपाय झाला, तर दोष नियमाचा. नियम नीट राबवलाच नाही आणि अपाय झाला, तर त्यातून नियमाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चंद्रपुरात ज्यांच्याकडे अंमलाची जबाबदारी होती, त्या यंत्रणेचा ढिलेपणा त्याच शासनाच्या हातात नियमाविरुद्धचा पुरावा झाला. हे वागणे योग्य मानले तर नको असलेला कोणताही कायदा रद्द करायला काही करावे लागणार नाही, फक्त काही वर्षे तो राबवायचा नाही.

उलट बाजूची मागणी किती काटेकोरपणे तपासली जाते तेही पाहण्यासारखे आहे. दारूबंदी नसलेल्या गावात दुकान बंद करायचे तर राज्यात मतदानाची तरतूद आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. आडव्या बाटलीला नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते पडावी लागतात, नुसती मतदानाला आलेल्यांच्या निम्म्याहून जास्त पडून भागत नाही. त्या दिवशी कापूस वेचायला किंवा बाहेरगावी गेलेली प्रत्येक बाई त्यामुळे दुकानाच्या बाजूने मोजली जाते. आमदार निवडायला अशी अट नाही. एका बाजूला अवैध विक्रीच्या तपासात चालणारी सैल पद्धत आणि दुसऱ्या बाजूला दुकान बंद करण्यासाठीची ही करडी अट, ही दोन्ही टोके एकाच कायद्याच्या छायेत नांदतात.

गडचिरोलीत बंदी टिकली. तिथेही अवैध दारू आहे, हातभट्ट्या आहेत, वाहतूक होते. पण तिथल्या लोकांनी पोलीस ठाण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा अंमलाचा काही भार गावावर घेतला. शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने २०१६ मध्ये मुक्तिपथ हे अभियान जिल्हाभर सुरू झाले. लोकजागृती, गाव संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनी माणसाला उपचार या चारही बाजू त्यात एकत्र धरल्या आहेत. दारूबरोबर तंबाखूही त्यात आहे. गाव संघटनेच्या स्त्रिया विक्रेत्याला आधी समज देतात, मोहसडवा शोधून नष्ट करतात, गरज पडली तर पोलिसांना बोलावतात. या कामाला कायद्याचा आधारही आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे दिला आहे. गोंड आणि माडिया समाजात देवपूजेत मोहाच्या दारूला जुने स्थान आहे. पूजेपुरत्या ओंजळभर दारूकडे गाव ज्या नजरेने पाहते, त्या नजरेने ते विक्रीकडे पाहत नाही. बाहेरच्या माणसाला हा ढिलेपणा वाटेल, पण गावाने हा फरक विचार करून केलेला असेल तर त्याला सौम्यपणा म्हणणेच योग्य.

नियम ढिला होण्याची आणखी एक पद्धत चंद्रपूरच्या हवेत दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथे आले. कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, कागद गिरणी आणि महाऔष्णिक वीज केंद्र एवढे सगळे एका परिसरात आहे. औष्णिक केंद्रांच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घालणारी अधिसूचना केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये काढली आणि पालनासाठी दोन वर्षे दिली. ती मुदत २०२२ पर्यंत गेली, मग केंद्रांचे गट पाडून आणखी पुढे, मग पुन्हा पुढे. जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतांश केंद्रांना धुरातला सल्फर काढणारी यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून सूटच मिळाली. इथे कुणी नियम मोडला असे म्हणता येत नाही, कारण प्रत्येक मुदतवाढ रीतसर आदेशाने मिळाली. मोहफुलांचा नियम बदलला तेव्हाही असाच आदेश निघाला होता. फरक एवढाच की तिथे ज्यांना निर्बंधाचा जाच होता त्यांची सुटका झाली, आणि इथे ज्यांच्यासाठी मर्यादा घातली होती ते धुराखाली राहणारे लोक वाट पाहत राहिले. आदेशावर सही आहे एवढ्याने एखादे शिथिलीकरण ढिलाईच्या आरोपातून मोकळे होत नाही. कोणाच्या फायद्यासाठी आणि कोणत्या कारणाने, हे पाहावेच लागते.

उलटही घडते. कागदावर मोकळा असलेला नियम हातात घट्ट धरून ठेवला जातो. वन हक्क कायद्याने २००६ मध्ये बांबूला गौण वनोपज ठरवले आणि त्यावर गावाचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वन खात्याच्याच हातात राहिला आणि खाते तो देईना. याच जंगलांतून बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी दशकानुदशके बांबू जात होता. ज्या खात्याला गिरणीसाठी वाट काढता येत होती, त्याला गावासाठी कायद्याने दिलेली मोकळीकही देववत नव्हती. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले, तेव्हा ती गाठ सुटली. त्यानंतर बांबू कुठे, किती आणि केव्हा तोडायचा, हे ठरवण्याचे आणि ठरवलेले पाळून घेण्याचे काम मेंढ्याच्या ग्रामसभेकडे आले. तिथे निर्णय बहुमताने होत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा चालू राहते आणि म्हणून नियम लागू करताना मला तो मान्य नव्हता असे म्हणायला कुणाला जागा उरत नाही.

शासकीय कामकाजातल्या ढिलाईची महाराष्ट्राने कायद्यातही दखल घेतली आहे. बदल्यांचे नियमन आणि विलंबास प्रतिबंध यांसाठी २००५ साली झालेला अधिनियम ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणून ओळखला जातो. साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे तो सांगतो. जाणूनबुजून केलेला विलंब आणि निष्काळजीपणे केलेला विलंब या दोन्हींसाठी त्यात शिस्तभंगाची कारवाई आहे. वन हक्काचे दावे आणि नुकसानभरपाईचे अर्ज यांच्या बाबतीत या दोन जिल्ह्यांतला माणूस हा कायदा तालुक्याच्या कार्यालयात दाखवू शकतो.